फुटके शिंपले, तुटक्या बांगड्या आणि एक गाठोडं: तुम्ही काय करता?

करवंटी

आमचं आजोळ दापोली तालुक्यात. दिवाळीनंतर चार दिवस जाणं होतं आणि परतताना गाडीच्या डिकीत एक गाठोडं वाढतं. शिंपले, सुरूची बोंडं, खाऱ्या पाण्यात पांढरी पडलेली लाकडं, लाडघरचे तांबूस गोटे (ह्यांच्यामुळेच तिथलं पाणी लालसर दिसतं आणि त्या किनाऱ्याला तामसतीर्थ म्हणतात). एकदा तर हिरव्या नायलॉनच्या जाळ्याचा गुंताही आणला. नवरा ह्या सगळ्याला 'समुद्राचं भंगार' म्हणतो. घरचं भंगार वेगळं: आईच्या साड्यांचे काठ, कान तुटलेले कप, बांगड्यांचे तुकडे, बटणांचा डबा.

२०१८ला थर्माकोल बंद झाल्यापासून गणपतीला आम्ही पुठ्ठ्याचं मखर करायचो. यंदा ठरवलं, दोन्ही भंगारं एकत्र करायची. मागे वाकडं लाकूड कमानीसारखं उभं केलं. दोन्ही बाजूंना नारळाच्या पोया, म्हणजे फुलोऱ्यावरचं होडीसारखं वाळकं आवरण. खाली पैठणीचा काठ आणि त्याला सुरूच्या बोंडांची झालर. इथवर सगळ्यांनी वाहवा केली.

मग शिंपले. पांढऱ्या गमने चिकटवलेले शिंपले चौथ्या दिवसापासून टपाटप गळायला लागले. एक तर आरती चालू असताना निरांजनात पडला. आणि मागच्या बाजूला लावलेल्या एका मोठ्या शंखाला असा वास सुटला की पाहुणे मोदक हातात घेऊन गॅलरीत जाऊन खात होते.

तर जाणकारांनी सांगा. शिंपले पक्के कशाने चिकटतात? न फोडता भोक कसं पाडायचं? वास कसा घालवायचा? आणि कपाटात ठेवलेल्या जुन्या शिंपल्यांवर पांढरी पूड आली आहे, ती काय आहे? तुम्ही काय काय केलंत तेही लिहा.

---

नुसताच वाचक

गॅलरीत मोदक खाणाऱ्यांत मी असतो तर दोन जास्त खाल्ले असते. पण शंख कुठून आणला? रिकामा होता का?

---

करवंटी

रिकामा दिसला होता हो.

---

खटपट्या

रिकामा दिसतो, नसतो. वळणदार शंखात प्राणी अगदी आतल्या वेटोळ्यात जाऊन मरतो. ब्रश तिथपर्यंत पोचत नाही आणि उकळून तो बाहेर येईलच असं नाही. माझा उपाय: कुंडीत किंवा अंगणात तोंड खाली करून मातीत पुरायचा आणि महिनाभर विसरून जायचं. मुंग्या बाकीचं बघतात. मग दोन दिवस साध्या पाण्यात, जुना टूथब्रश, आणि सावलीत वाळवणं. व्हिनेगरमध्ये अजिबात टाकू नका. शिंपला म्हणजे चुना, आम्ल लागलं की तो फसफसतो आणि वरची चकाकी जाते. पुष्कळ व्हिडिओंत व्हिनेगर सांगतात. 'केवढा स्वच्छ झाला' असं वाटतं खरं, पण वरचा थर गेलेला असतो.

आता गळण्याबद्दल. पांढरा गम पाण्यात विरघळणारा. भाद्रपदातली दमट हवा आणि शेजारी समया, तो मऊ पडणारच. शिवाय शिंपल्यावर मीठ राहिलेलं असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. म्हणून आधी गोड्या पाण्यात निदान तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला. मग दोन ट्यूबवाला इपॉक्सी. चिकटवायची जागा सॅंडपेपरने थोडी खरखरीत करा. लाकडालाही हीच आंघोळ, नाहीतर त्यातलं मीठ खिळे गंजवतं. लाकडात पितळी स्क्रू वापरा, लोखंडी खिळ्याचे तांबडे ओघळ सहा महिन्यांत दिसतील.

लाकडाला गोल गोल भोकं असली तर किडा लागला म्हणून फेकू नका. ते एका शिंपलावर्गातल्याच प्राण्याचं काम, जहाजांची लाकडं पोखरणारा तो हाच. दिसायला अळीसारखा, पण तिसऱ्यांचा (आपण खातो त्या छोट्या शिंपल्यांचा) लांबचा नातेवाईक. किनाऱ्यावर वाळलेल्या लाकडात तो जिवंत नसतो. त्या भोकांत वाळलेलं गवत खोचलं की फुलदाणी तयार.

---

ओहोटी

गाठोडं बघून सांगतो, तुम्ही दुपारी जेवून फिरायला जाता आणि पायाखाली येईल ते उचलता. 😀 वेळ बघून जा. आमच्याकडे हिशेब असा: तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता भरती पुरी. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. त्यात सहा तास मिळवा, पावणेदहाला पूर्ण ओहोटी. साडेआठ-नऊला किनाऱ्यावर उतरा. थोडं इकडे तिकडे होतं, पण मोबाईल काढावा लागत नाही.

आणि पौर्णिमा-अमावास्येच्या दिवशीच जायला हवं असं नाही. उधाणाचं पाणी सगळ्यात वर चढतं आणि तिथे एक रेघ सोडून जातं. पुढे भांगाकडे (म्हणजे अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या लहान भरतीकडे) पाणी रोज थोडं थोडं खाली राहतं, त्यामुळे चौथ-पंचमीपर्यंत ती वरची रेघ कोरडी आणि तशीच पडलेली असते. सुरूची बोंडं, वाळकी लाकडं, समुद्रफेस, काचा, सगळं त्या रेघेत. ओल्या वाळूत जे दिसतं ते बहुधा जिवंत किंवा नुकतं मेलेलं. तुमच्या शंखाची भानगड तिथलीच असणार.

पावसाळ्यात वाळूवर डांबराच्या गोळ्या येतात, त्या पायाला आणि शिंपल्याला चिकटल्या तर साबणाने निघत नाहीत. खोबरेल तेल चोळा, निघतात.

---

जुनीपेटी

करवंटी, भोकाची काळजी कशाला? आम्ही मुली तिसरीचा शिंपला उलटा धरून, सांध्याजवळचा फुगीर भाग ओल्या दगडावर गोल गोल घासायचो. पाच-दहा मिनिटांत आपोआप बारीक भोक पडतं. फुटत नाही, कारण ठोका बसतच नाही. फक्त आजीची चंदनाची सहाण घेऊ नका. मी घेतली होती. त्यावर नंतर चंदन उगाळलं की गंधात खर यायची आणि माझ्या पाठीत धपाटा.

आमच्या वेळी, म्हणजे सत्तरच्या दशकात, हे सगळं रुखवतासाठी चालायचं. मुलीचं लग्न ठरलं की गल्लीतल्या बायका कामाला लागायच्या. शिंपल्यांचा राजहंस, कवड्यांचा मोर, काड्यापेटीच्या काड्यांचं घर, सुपाऱ्यांचे वरातीतले भटजी. मांडवात टेबलावर मांडायचं, वरपक्षाच्या बायका फिरून बघणार. खरं सांगू? त्यातलं पुष्कळसं दिसायला भयंकर असायचं. माझ्या रुखवतातल्या राजहंसाची मान लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पडली आणि सासूबाई म्हणाल्या, 'बदक छान आहे.'

पण बांगड्यांची साखळी मला अजून आवडते. बांगडीचा तुकडा चिमट्यात धरून मेणबत्तीच्या आचेवर न्यायचा. काच मऊ झाली की वाकवून कडी करायची, तिच्यात दुसरा तुकडा ओवून त्याची कडी. हिरवी, लाल, हिरवी, लाल. वर काजळी धरते ती नंतर पुसली की जाते. अशी तोरणं दारोदारी असत. एक माझ्याकडे अजून आहे, चाळीसेक कड्या शाबूत.

---

शंखनाद

हा धागा मला आवडतो आहे, पण विरस करणारा कुणीतरी लागतोच.

अख्खा, चांगला, मोठा शंख उचलू नका. वास येतो म्हणून सांगत नाही, त्याला गिऱ्हाईक आहे म्हणून सांगतो आहे. शंखात राहणाऱ्या खेकड्याचं पोट मऊ असतं, स्वतःचं कवच त्याला नाही. वाढला की मोठं घर लागतं आणि ते त्याला किनाऱ्यावरच शोधावं लागतं. पर्यटक शंख नेतात आणि हे बिचारे बाटलीच्या झाकणात शिरलेले आढळतात. मी तळहातावर घेऊन पाहिला आहे, निळ्या झाकणातला.

दुसरं, कवच बाजूला पडलं म्हणजे वाया गेलं असं नाही. ते झिजतं, वाळू होतं, त्यातला चुना समुद्रात परत जातो. एका माणसाने चार शिंपले नेल्याने काही होत नाही हे खरं. पण दिवाळीत गणपतीपुळ्याला चारच माणसं येत नाहीत.

---

नुसताच वाचक

म्हणजे आता हस्तकलाही पाप. सुरूची बोंडं तरी चालतील का?

---

शंखनाद

अहो, बोंडं बेलाशक न्या. उन्हात वाळली की उघडतात आणि पंखवाल्या बिया सांडतात, त्या झाडून घ्या. गंमत म्हणजे आपल्याकडे किनाऱ्यावर सुरू बघून लोक त्याला पाइन म्हणतात. पाइनशी त्याचा काही संबंध नाही, ते ऑस्ट्रेलियाकडून आणून लावलेलं फुलझाड आहे.

मी म्हणतो ते एवढंच: फुटके घ्या, अख्खे ठेवा.

---

करवंटी

शंखनाद, पहिल्यांदा वाचून जरा राग आला, खोटं कशाला बोलू. मग गाठोडं ओतून बघितलं. अर्धे शिंपले फुटकेच आहेत आणि मी ते 'राहू दे' म्हणून तळाशी टाकले होते. काल ते फरशीवर मांडले. फुटका तुकडा सपाट असतो! अख्खा शिंपला पाठीवर हलतो, त्याला चिकटायला कडेची बारीक रेघ मिळते, म्हणून तो गळतो. तुकडा अख्खाच्या अख्खा टेकतो. कपबशांचे तुकडे त्यांच्या शेजारी ठेवले तर आईच्या निळ्या फुलांच्या बशीचा काठ आणि शिंपल्याचा आतला जांभळा रंग सख्ख्या बहिणींसारखे दिसायला लागले.

कपाच्या कडा कानशीने मोडून घेतल्या आहेत, लेकीचा हात कापायला नको.

---

सारस्वत सुगरण

तुम्ही सगळे समुद्रावर धावता, माझा किनारा मासळी बाजारात. तिसऱ्या आणल्या की एकशिपी करतेच, म्हणजे एक शिंपला काढून टाकायचा आणि मांस दुसऱ्यात ठेवून शिजवायचं. जेवण झालं की ताटात ढीग. हा घरचाच कचरा आणि समुद्राचाही. ह्यावर शंखनादांची हरकत नसावी. 🙂

सोडा घालून एक उकळी, ब्रश, झालं. हळदीचा पिवळा डाग राहतो त्याला घाबरू नका, दोन दिवस कडक उन्हात ठेवा, हळद उन्हाने उडते. कालवांचे शिंपले मात्र सांभाळून, धार सुरीसारखी. मी तिसऱ्यांच्या शिंपल्यांत उरलेल्या मेणबत्त्यांचं मेण ओतून वाती लावते. एवढ्याशा दिव्या दिवाळीत पायरीवर रांगेने लावल्या की घरासमोरून जाणारे थांबतात. अर्धा तास जळतात, तेवढं बास.

---

शंखनाद

हरकत कसली, पुढच्या वेळी जेवायलाही बोलवा.

---

मडगावची

आमच्या जुन्या घराची खिडकी पाडकामात निघाली. गोव्यातल्या जुन्या घरांत काचेऐवजी लाकडी चौकटीत चपटे, पातळ, अर्धपारदर्शक शिंपले बसवलेले असतात ते माहीत असेल. काच महाग होती तेव्हाची सोय. उजेड येतो पण ऊन येत नाही, आणि बाहेरच्याला आतलं दिसत नाही. आमच्या खिडकीचे निम्मे फुटले होते. उरलेले काढून जुन्या स्टीलच्या गाळणीच्या कड्याभोवती तारेने लटकवले, मध्ये बल्ब. खोलीत संध्याकाळी साडेपाचचा उजेड पडतो, रात्री दहा वाजतासुद्धा.

ह्या शिंपल्याला ड्रिल मारायला जाऊ नका, पापुद्रे सुटतात. कडेला तारेची पकड करा.

---

नाखवा

एक विचारायचं आहे. भावाने काळ्या जाळीदार फांदीसारखं काहीतरी आणलं आहे, झाडाच्या वाळक्या पानासारखं चपटं. ज्याने दिलं तो 'इंद्रजाल' म्हणाला, दारावर लावलं की नजर लागत नाही. फ्रेम करून भिंतीवर छान दिसेल. कशाने साफ करू?

---

शंखनाद

नाखवा, फ्रेम करू नका. आणि फोटो तर कुठेच टाकू नका.

इंद्रजाल म्हणून जे विकतात ते झाड नव्हे. काळं पोवळं किंवा समुद्रपंखा, म्हणजे शेकडो बारीक प्राण्यांची वसाहत, तिचा सांगाडा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा, त्याच्या पहिल्या अनुसूचीत ही पोवळी २००१मध्ये आली. वाघ ज्या यादीत आहे तीच यादी. विकणं तर सोडाच, नुसतं घरात असणंही गुन्हा, आणि 'मेलेलं सापडलं' ही सबब चालत नाही. समुद्रघोडाही त्याच कायद्याने संरक्षित, वाळलेला कुणी ताईत म्हणून दिला तरी घेऊ नका. वनविभागाला कळवून देऊन टाकणं उत्तम.

आपल्याकडे पोवळी नाहीत असा समज आहे. मालवणच्या सागरी अभयारण्यात (१९८७पासूनचं) पाण्याखाली जाऊन बघा.

---

नाखवा

बाप रे. भावाला फोन केला. तो म्हणतो पाचशे रुपये दिले होते. उद्या जाऊन देतो.

---

नुसताच वाचक

पाचशे रुपयांत नजर उतरली म्हणायची.

---

टाईनकाठची

मी इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यात असते. इथून जवळ सीहॅम नावाचं गाव आहे. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९२१पर्यंत बाटल्यांचा कारखाना होता आणि उरलेली वितळलेली काच सरळ समुद्रात ओतायचे. शंभर वर्षं लाटांनी घोळून ती काच आता गोट्यांसारखी किनाऱ्यावर येते. एकाच खड्यात निळा, पांढरा, हिरवा असे थर असलेलीसुद्धा. थंडीत लोक गुडघे टेकून वेचत असतात. एका कारखान्याचा कचरा म्हणजे दुसऱ्या शतकातली कर्णफुलं.

माझ्या आईला हे दाखवलं तर ती म्हणाली, 'आपल्याकडे अशी काच अलिबागला मिळायची.' आता मिळते का कुणाला?

---

ओहोटी

मिळते, पण कमी. आता बाटल्या प्लॅस्टिकच्या. काच दिसली तरी बहुतेक ताजी फुटलेली, कडा धारदार. धुरकट व्हायला तिला कित्येक वर्षं वाळूत घासून निघावं लागतं. धारदार असेल ती मी उचलतो, पण कचऱ्यात टाकायला. 'अजून मुरू दे' म्हणून परत पाण्यात फेकणारे महाभाग पाहिलेत, त्यांच्या मागून अनवाणी पोरं येत असतात.

खरी-खोटी ओळखायची तर भिंगाखाली बघा. समुद्राच्या काचेवर बारीक चंद्रकोरीसारखे ओरखडे असतात आणि धुरकटपणा सगळीकडे सारखा नसतो. बाजारातली आम्लात बुडवलेली एकसारखी, रेशमी दिसते.

---

खटपट्या

पांढऱ्या पुडीचं राहिलंच. चव घेऊन बघा (खरंच). खारट असेल तर मीठ, पुन्हा भिजवा. खारट नसेल आणि पूड कपाटातल्याच शिंपल्यांवर असेल, तर कपाट प्लायवूडचं आहे का? लाकूड आणि पुठ्ठा ह्यांतून ॲसिटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ हळूहळू सुटते. बंद खणात ती शिंपल्याच्या चुन्याला लागते आणि वर क्षार फुलतात. संग्रहालयवाले ह्याला 'बाइन्स डिसीज' म्हणतात. नाव आजाराचं, पण जंतू वगैरे काही नाही, साधं रसायन. शिंपले धुवून, खडखडीत वाळवून काचेच्या बरणीत ठेवा.

---

करवंटी

प्लायवूडच आहे! आणि खाली पुठ्ठ्याचा खोका. हलवते.

जाळ्याच्या गुंत्याचं कुणीच सांगितलं नाही.

---

ओहोटी

त्याचं पायपुसणं करा. गाठी सोडवत बसू नका, जन्म जाईल. दोन बोटं रुंद पट्ट्या कापा, टोकं मेणबत्तीवर वितळवून चिकटवा, नाहीतर उसवतात (खिडकी उघडी ठेवून, धूर वाईट असतो). तीन पट्ट्यांची वेणी घालायची, वेणी गोल गुंडाळत शिवायची. आमच्या दारात रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढतात त्या मोठ्या जाळ्याच्या) जुन्या दोराचं आहे, पाच पावसाळे झाले. वाळू झटकली की जाते. आणि जाळं किनाऱ्यावरून जेवढं निघेल तेवढं काढा, त्याला माझी बिलकुल ना नाही. त्यात कासवं अडकतात.

---

जुनीपेटी

पायपुसण्यावरून आठवलं, रद्दीच्या टोपल्या कुणी करतं का अजून? कागद भिजवून लगदा, त्यात मेथी वाटून, पालथ्या पातेल्यावर ओला कपडा घालून त्यावर थापायचा. वाळला की टोपली सुटते. मेथीने लगदा धरतो आणि कसर लागत नाही. ओल्या लगद्यातच शिंपल्यांचे तुकडे दाबून बसवले तर गम लागणारच नाही.

---

करवंटी

काकू! हेच करणार. आज रात्रीच रद्दी भिजवते. मेथी किती?

---

जुनीपेटी

पाटीभर लगद्याला दोन मुठी. रात्री वेगळी भिजव, सकाळी बुळबुळीत झाली की वाट. कागद मात्र दोन-तीन दिवस भिजू दे, घाई केलीस तर गुठळ्या राहतात.

---

करवंटी

मिक्सरमध्ये चालेल का?

---

जुनीपेटी

मेथी चालेल. कागद घातलास तर मिक्सर जळेल, माझा गेला आहे. खलबत्ता काढ.

---

नुसताच वाचक

म्हणजे शेवटी काथ्याकूटच.